महालक्ष्मीने मोर्चाला

माझं निम्मं महाराष्ट्रदर्शन मोर्चांच्या कृपेने झालं आहे. हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच तसं आहे. कुणी अष्टविनायक करतं, कुणी निवृत्तीनंतर युरोपची सहल करतं. मी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती संपात आणि नागपूर पाहिलं ते अधिवेशनाच्या दिवसांत. राणीची बाग आणि मत्स्यालय तेवढं राहिलं, ते पुढे मुलांना घेऊन गेले तेव्हा पाहिलं.

आणि यातला जवळजवळ प्रत्येक प्रवास रेल्वेने. मोर्चाला एसटीने जाता येतं, ट्रकमधून तर हजारो माणसं जातात. पण आम्ही पडलो मिरजेची माणसं. मिरज जंक्शन! आमच्याकडे मूल 'आई' म्हणायच्या आधी 'गाडी' म्हणतं, असं माझे वडील म्हणायचे. गावाला जायचं, लग्नाला जायचं, दवाखान्यात जायचं, तसं सरकारशी भांडायला जायचं तरी गाडीनेच.

खरं तर मी पाहिलेलं पहिलं मोठं आंदोलन रेल्वेचंच. मी नोकरीला लागले १९७३ साली आणि पुढच्याच वर्षी, ८ मे १९७४ ला, जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली देशभरचे रेल्वे कामगार संपावर गेले. २७ मेपर्यंत तो संप चालला. आमच्या घरापासून रेल्वेचे क्वार्टर्स हाकेच्या अंतरावर. रात्री शंटिंगचा आवाज नाही म्हणून आम्हाला झोप लागेना. क्वार्टर्समधल्या बायका संध्याकाळी ओट्यावर बसून असायच्या, चेहरे काळजीचे. तेव्हा देशात हजारोंना अटका झाल्या होत्या. गंमत म्हणजे तेच जॉर्ज फर्नांडिस १९८९ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वेच्या कामाला त्यांच्याच काळात चालना मिळाली. ज्यांनी गाड्या थांबवल्या त्यांनीच नवी गाडी सुरू करायला घेतली! असो. विषय आमच्या मोर्चांचा आहे.

आमचा खरा श्रीगणेशा १९७७ च्या डिसेंबरात झाला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा तो प्रसिद्ध ५४ दिवसांचा संप, र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखालचा. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा ही मुख्य मागणी. आमच्या भागातले शिक्षकही त्यात उतरले. मुख्यमंत्री कोण, तर वसंतदादा पाटील. म्हणजे सांगलीचेच! आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवरचा माणूस, आणि त्याला गाऱ्हाणं सांगायला आम्ही रात्रभर प्रवास करून मुंबईला निघालो होतो. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर म्हणाले, "दादा दिवाळीला घरी येतात तेव्हाच सांगितलं असतं तर तिकिटाचे पैसे वाचले असते की."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली. घरी सांगायचं कसं हा प्रश्न होता. ह्यांची काही हरकत नव्हती, ते बँकेत होते आणि स्वतः युनियनवाले. सासूबाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुंबईला चाललीच आहेस तर महालक्ष्मीचं दर्शन घेऊन ये." कोल्हापूरची महालक्ष्मी आमच्यापासून तासाभरावर, तिथे त्या वर्षातून दोनदा जायच्या. तरी मुंबईची राहिली होती म्हणे. आणि आम्ही बसणार होतो ती गाडी कोणती, तर महालक्ष्मी एक्सप्रेस. मोर्चाला इतके आशीर्वाद क्वचितच कुणाला मिळाले असतील.

त्या गाडीची सोय अशी की रात्री जेवणं उरकून मिरजेला बसायचं आणि सकाळी व्हीटीला उतरायचं. (आता सीएसएमटी म्हणायचं, पण माझ्या तोंडात व्हीटीच बसलंय.) आम्ही चौदा जण होतो, त्यात बायका तीन. तालुक्याचे चिटणीस फार शिस्तीचे. "तिकिटं सगळ्यांनी काढायची," असं त्यांनी बजावलं होतं. "आपण मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो." मोर्चाला जाणारा माणूस तिकीट काढत नाही अशी एक समजूत आहे, आणि पुष्कळदा ती खरीही असते. त्यामुळे टीसी आमच्या डब्यात आले ते वाद घालायच्या तयारीनेच. चौदा तिकिटं एकदम पुढे आली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते तिथेच टेकले आणि त्यांनी स्वतःची जी गाऱ्हाणी सुरू केली ती पार साताऱ्यापर्यंत.

फलक ड्रॉइंगच्या सरांनी केले होते. कागद विकत घ्यायला पैसे कुठले? शाळेतले जुने, फाटायला आलेले तक्ते त्यांनी घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवलं. त्यामुळे आमच्या एका फलकावर एका बाजूला 'महागाई भत्ता मिळालाच पाहिजे' आणि दुसऱ्या बाजूला पचनसंस्था. जठर, यकृत, लहान आतडं, सगळं बाणांसकट. मुंबईच्या रस्त्यावर एक गृहस्थ थांबून दोन्ही बाजू वाचून म्हणाले, "बरोबर आहे, पोटाचाच प्रश्न आहे." त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं भाषण माझ्या मते तेच!

आणखी एक सांगायला हवं. चौदा शिक्षक एका डब्यात आणि जवळ पंधरा फलक, म्हणजे काय झालं असेल? शुद्धलेखन! दुसऱ्या शाळेच्या फलकावर 'अन्याय' जोडाक्षराला आणखी एक जोड देऊन लिहिला होता. मी मराठीची, माझ्याने राहवेना. पर्समधली लाल पेन्सिल काढली आणि पुण्याच्या आधीच दुरुस्ती करून टाकली. त्यांचे पीटीचे सर रागावले नाहीत, उलट म्हणाले, "बाई, शेरा पण द्या." मी 'प्रयत्न चांगला' असं कोपऱ्यात लिहिलं. तो फलक तसाच मोर्चात फिरला.

त्या काळी विधानमंडळ नरिमन पॉइंटला नव्हतं, जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. नवं विधान भवन १९८१ सालचं. त्यामुळे मोर्चे काळ्या घोड्याच्या बाजूला जायचे आणि तिथे पोलीस अडवायचे. मला लहानपणापासून तो काळा घोडा पाहायची हौस. पाय दुखेपर्यंत चालत गेले, टाचा उंचावून पाहिलं, घोडा कुठेच नाही! शेजारच्या मुंबईकर बाई म्हणाल्या, "अहो, तो सातवा एडवर्ड घोड्यासकट १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला." नुसतं नाव मागे राहिलं होतं. आता २०१७ पासून तिथे पुन्हा काळा घोडा उभा आहे, पण त्यावर स्वार कुणी नाही. सगळ्या काळातल्या मोर्चेकऱ्यांना ते चित्र ओळखीचं वाटेल.

हसण्यावारी नेते आहे, पण बायकांचे हाल काय होते ते बायकांनाच ठाऊक. दिवसभर मैदानात आणि रस्त्यावर बसायचं, आणि जायचं कुठे? आम्ही तिघी सकाळपासून पाणीच प्यायलो नव्हतो. शेवटी व्हीटीच्या बायकांच्या प्रतीक्षालयाने आम्हाला तारलं. तिथे निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या पंधरा-वीस शिक्षिका आणि परिचारिका होत्या, एकमेकींच्या पिशव्या सांभाळत पाळीने आत जात होत्या. नांदेडकडच्या एक बाई आपलं सहा महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. नावगाव काही न विचारता! आमचे नेते आत कुणाला भेटत होते, काय बोलत होते ते मला कधी नीट कळलं नाही. संघटना म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं.

परतीच्या गाडीत कर्जतला वडे. घाट चढायला तिथे मागून इंजिनं लावतात, त्यामुळे गाडी थांबते आणि वडेवाले धावत येतात. आम्ही पैसे मोजून चौदा जणांत दहा वडे घेतले. दुसरा पगारही बुडणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. माझ्या घरी ह्यांचा पगार तरी चालू होता. पण आमच्या पीटीच्या सरांच्या घरी नवरा-बायको दोघंही शिक्षक, दोघंही संपात. बाईंच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. वड्याचा तुकडा मोडताना सर म्हणाले, "आत्ताचा वडा आमच्या हिच्या पाटलीतला बरं का, नीट चावून खा." सगळे हसलो. नंतर लोणावळ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

संप मिटल्यावर आम्ही फळ्यापुढे उभे राहिलो तेव्हा दहावीच्या परीक्षेला जेमतेम महिना राहिला होता. रविवारी जादा तास घेतले, सकाळी सात ते बारा. ते कुणी सांगितलं म्हणून नाही.

पुढच्या काळात मोर्चे पुष्कळ झाले, पण एक-दोन दिवसांचे. त्यासाठी किरकोळ रजा काढायची आणि अर्जात कारण लिहायचं 'घरगुती कामासाठी'. एकदा आमच्या मुख्याध्यापकांकडे एकाच तारखेचे अकरा अर्ज गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणाले, "सगळ्यांच्या घरी एकदमच काम निघालं वाटतं." आणि खणातून स्वतःचा अर्ज काढून त्या गठ्ठ्यावर ठेवला.

नव्वदच्या दशकातली एक गोष्ट अजून आठवते. मुंबईला मोर्चाला निघालो होतो आणि पहाटे एका लहानशा स्टेशनाबाहेर गाडी थांबली ती थांबलीच. उतरून पाहतो तर रुळावर माणसं बसलेली. रेल रोको! मागणी काय, तर आमच्या गावाला या गाडीचा थांबा द्या. आंदोलकांनी आंदोलकांना अडवलं होतं. आमचे पीटीचे सर तावातावाने पुढे गेले आणि अर्ध्या तासाने त्यांच्यातच बसून चहा पिताना दिसले. "त्यांचं बरोबर आहे हो," म्हणाले, "आणि आज तरी त्यांना थांबा मिळाला की! चांगला अडीच तासांचा." आमच्या डब्यात मात्र एक म्हातारे गृहस्थ बायकोला तपासणीसाठी मुंबईच्या दवाखान्यात नेत होते. अकराची वेळ होती. बाई खिडकीशी डोळे मिटून बसून होत्या आणि ते दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. एरवी आम्ही ज्यांना 'जनतेची थोडी गैरसोय' म्हणतो, ती ही दोन माणसं होती. सरांनी रुळावरच्या मुलांना ते सांगितलं आणि त्यांच्यातल्याच एकाने जीप आणली. वेळेवर पोहोचले की नाही कोण जाणे. त्यानंतर घोषणा देताना मला त्या बाई आठवायच्या. घोषणा मी दिल्याच, पण आठवायच्या.

रेल्वे आणि आंदोलन यांचा आमच्याकडचा सगळ्यांत गमतीदार किस्सा मात्र माझा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीला किसान मुक्ती संसद भरली होती. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी खास गाडी ठरवून गेले होते. परत येताना ती गाडी मथुरेहून कोट्याकडे वळायची, ती भलत्याच मार्गाने गेली आणि सकाळी पाहतात तर मध्य प्रदेशातलं बानमोर स्टेशन! ग्वाल्हेरच्या जवळ, म्हणजे ठरल्या रस्त्यापासून शेकडाभर मैल दूर. दीड हजार माणसं गाडीत. गाडी परत आल्यावर भाजी मंडईत महिनाभर हाच विषय. आमचा नेहमीचा भाजीवाला म्हणाला, "बाई, सरकार वाट चुकलंय हे सांगायला गेलो होतो, तर आमचीच वाट चुकली."

आणि २०१८ चा मार्च. नाशिकहून हजारो शेतकरी, बरेचसे आदिवासी, सहा दिवस चालत मुंबईला आले, जवळजवळ १८० किलोमीटर. मी तेव्हा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, टीव्हीसमोर बसून होते. शेवटच्या रात्री मुंबईत शिरल्यावर ते थांबले नाहीत, रात्रीच चालत आझाद मैदान गाठलं. का, तर सकाळी दहावीच्या मुलांचा पेपर होता आणि रस्ते अडले असते. हे ऐकलं आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसतीच बसले. छत्तीस वर्षं शिकवलं मी. पायाला फोड आलेल्या, स्वतः शाळेत किती गेल्या असतील देव जाणे अशा बायका माझ्या मुलांच्या पेपरसाठी रात्रभर चालल्या होत्या. मागण्या मान्य झाल्याचं लेखी मिळाल्यावर त्यांना परत न्यायला मध्य रेल्वेने भुसावळपर्यंत खास गाड्या सोडल्या. येताना सहा दिवस आणि जाताना एक रात्र!

आता माझ्या शेवटच्या मोर्चाबद्दल. शेवटचा म्हणजे आत्तापर्यंतचा.

माझी भाची शिक्षिका आहे. २००८ साली लागली. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर जे नोकरीत आले त्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना'. मी बीएला मराठी घेतलं होतं, तरी हे नाव मला तीनदा वाचावं लागलं. थोडक्यात, पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपली भर घालायची, आणि शेवटी किती मिळेल ते बाजार सांगेल. मला दर महिन्याला पेन्शन येते, महागाई भत्ता वाढला की तीही वाढते. त्याच भत्त्यासाठी आम्ही ते वडे मोजून खाल्ले होते. तिने मात्र तीच नोकरी, तोच फळा, तेवढीच वर्षं काढून शेवटी काय? ती हे कधी बोलून दाखवत नाही. पण माझी पेन्शन जमा झाल्याचा मेसेज तिच्यासमोर आला की मीच फोन उलटा ठेवते.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला अधिवेशनावर जुन्या पेन्शनचा मोर्चा होता. मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, "मावशी, तुझं वय काय, नागपूर किती लांब! आणि तुला तर पेन्शन आहे." मी म्हटलं, "म्हणूनच येते. काय मागतोय त्याचा नमुना नको का दाखवायला?"

आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसने गेलो. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी सबंध राज्य शिवत जाते. नागपूरला पोहोचायला एक दिवस आणि वर काही तास लागतात. विमानवाल्यांनी नाक मुरडावं, पण मराठीच्या शिक्षकाला याहून चांगली शाळा नाही. साताऱ्याला चढलेले लोक 'काय लगा' म्हणत होते, पुण्याला एकदम 'अहो' सुरू झालं, नगरनंतर हेल बदलला, जळगावला केळी आणि अहिराणी एकदमच डब्यात आली, आणि अकोल्यापासून पुढे सगळे 'करून राह्यले', 'जाऊन राह्यले'. प्रत्येक ठिकाणी शिक्षक चढत होते, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'च्या टोप्या घालून. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जळगावच्या बाईंकडची कळण्याची भाकरी मिळाली. आणि फलक! आता सगळे छापील. पण त्यातही एका फलकावर 'निवृत्तीवेतन' दीर्घ लिहिलेलं. पर्समध्ये लाल पेन होतं. भाचीने हात धरला, "मावशी, नको ना." (समासात ऱ्हस्व होतं, 'निवृत्तिवेतन', एवढं इथे सांगून ठेवते.)

नागपुरात मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवले जातात. मी तेवढं सगळं चालले नाही. फुटपाथवर एका चहावाल्याने मला स्टूल दिलं. समोरून पांढऱ्या टोप्यांचा लोंढा चालला होता आणि त्यात मला आमच्या भाचीचा आवाज ऐकू आला. घरी कधी मोठ्याने न बोलणारी मुलगी! आवाज पार फाटला होता. चहावाल्याने विचारलं, "काकू, तुमची पेन्शन अडकून राह्यली का?" मी म्हटलं, "नाही हो, तिची." त्याने त्या गर्दीकडे पाहिलं, म्हणाला, "आमाले तर कोनतीच नाई." चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने, किती आग्रह केला तरी.

पुढे १४ मार्च २०२३ पासून सात दिवस राज्यभर संप झाला, समिती नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला मान्यता दिली. म्हणजे जुनी, नवी आणि आता ही तिसरी. भाची २०४१ साली निवृत्त होईल. तिने एका वहीत तिन्हींचे रकाने आखून आकडे मांडून ठेवले आहेत आणि दर काही महिन्यांनी खोडून पुन्हा मांडते. तिसरा रकाना पहिल्याइतका भरत नाही म्हणते.

मधल्या काळात ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातली सवलत मार्च २०२० पासून बंद झाली, आम्हा बायकांना निम्मं तिकीट पडायचं. त्यासाठीही मोर्चा काढायला हवा, पण त्या मोर्चाला जायला पूर्ण तिकीट पडणार!

परवा भाचीचा फोन होता. डिसेंबरात पुन्हा नागपूरचं चाललंय. मी सांगितलं, खालचा बर्थ मिळाला तर येते. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली आहे.